न्याहारीला बारीक होणारी धार

खदान, येडशी-कळंब रस्ता
१८ फेब्रुवारी २०२४

दीक्षे, माझ्या बाई, जयभीम.

पत्राला काही कारण लागतं म्हणं. मला कशाला लागतंय? म्या सदुसष्टाव्या वर्षी लिहायला शिकले, आता हात थांबत न्हाय. वर्गातल्या मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या, केशरबाई, अक्षर बारीक काढा, कागद वाचंल. पण बारीक काढलं की मलाच वाचता येत न्हाय.

इथं सगळं बरं हाय. इथं म्हंजे खदानीत. फोनला रेंज फक्त मुनीमजीच्या खोलीत, अन् तिथं बोलायचं तर मुनीम शंभुलिंग अप्पा कान देऊन बसलेले. भला माणूस, पण आपण हसलो की तेही हसतात, मंग काय बोलावं? म्हणून पत्रच बरं. खडीचा ट्रक येडशीला जातो, डायवर पेटीत टाकतो.

तुझ्या अमरावतीच्या मैत्रिणींनी विचारलं तर सांग, माझी आजी पाण्याच्या नोकरीवर हाय. सरकारी न्हाय, कृष्णराज मालकाची हाय, पण पाण्याची हाय. दोन पाणी माझ्या ताब्यात. एक प्यायचं, टँकरनं येतं ते. ते टाकीत भरायचं, झाकण लावायचं, रांजण धुवायचा, अठ्ठावीस माणसांना पुरवायचं. दुसरं खदानीच्या खड्ड्यातलं. त्यात सुरुंगाची दारू अन् डिझेल उतरलेलं असतं, ते कुणाच्या तोंडात जाऊ द्यायचं न्हाय. ते फक्त दगड दळायच्या क्रशरवर अन् रस्त्यावर मारायचं, भुकटी बसवायला. सकाळी मोटार चालू म्याच करते. फवारा उडाला की पट्ट्यावरची पांढरी भुकटी अशी मुकाट खाली बसती, जणू तिला कुणी दटावलं. तुझ्या आज्याच्या वक्ताला हा फवारा असता तर. कोंडिबाची छाती डॉक्टरनं फोटोत दाखवली तवा आत नुसता दगड भरला होता. असू दे. मला आज हे लिहायचं नव्हतं.

मला लिहायचं हाय ते वेगळंच. दीक्षे, आमच्या खड्ड्यात झरा लागला.

जानेवारीत वरच्या अंगाला सुरुंग लावले, तवा कातळाला एक भेग पडली. आठ दिवसांनी बघते तर त्यातून धार. करंगळीएवढी. आता खड्डा तिच्यावरच भरतोय. साऱ्या मुलखात पाणी आटलंय, टँकरला लोक रांगा लावतायत, अन् आमच्याकडं काळ्या कातळातून पाणी. अप्पांनी लगेच नारळ फोडला, बेल वाहिला, कुंकू लावलं. मी त्यातली न्हाय, पण मी रोज धारेखालची जागा झाडते. दुपारी मजूर जेवून पडतात, मशीन बंद असतं, तवा मी तिथं जाऊन बसते. ती धार बोलल्यासारखी वाजती. तुझ्या बापाचं, अमृतचं, चाकणहून दिवाळीपासून काही आलं न्हाय. धार मात्र रोज हाजर.

वरच्या वस्तीची कडूबाई पण येऊन बसायची माझ्याजवळ. आम्ही दोघी एकाच सालात इथं दगड फोडायला आलो होतो, तुला आठवत असंल, तिच्या डोक्यावर मोठ्ठं कुंकू. हल्ली येईना. येईल.

जेवत जा. तुझी खोली कशी हाय ते लिही.

तुझी आजी
केशरबाई


अमरावती
४ मार्च २०२४

प्रिय आजी, जयभीम.

तुझं पत्र खोलीवरच्या सगळ्यांनी वाचलं. खूप हसलो. इथे मैत्रिणी भरपूर आहेत, संध्याकाळी आम्ही एकत्रच जेवतो, त्यामुळे माझी काळजी करू नकोस.

प्रयोगशाळेत काम वाढलंय. उन्हाळा लागला की गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासायला येतं. दिवसाला चाळीस बाटल्या. बाटलीवर गावाचं नाव असतं, मी ते वाचते आणि त्या गावाला कसं जायचं असेल याचा विचार करते.

तुझ्या झऱ्याचं ऐकून आनंद झाला. एक सहज विचारते. ती धार दिवसभर सारखीच असते का? की कधी मोठी, कधी बारीक? तू तिथे बसतेसच, तर जरा बघून लिही. आणि कडूबाईंच्या वस्तीची विहीर खदानीपासून किती लांब आहे? मी लहानपणी पाहिलीय, पण अंतर आठवत नाही.

खोली छान आहे. खिडकीतून चिंच दिसते.

तुझी
दीक्षा


खदान
२८ मार्च २०२४

माझ्या सोन्या, जयभीम.

तुझं पत्र आलं अन् मला इतका आनंद झाला की अप्पांना वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, माझी नात शिकलेली, पण आजीच्या झऱ्याची चौकशी करती. तुझ्यासारखं मला कुणी काम सांगितलं न्हाय आजपर्यंत. पंधरा दिवस म्या बघून ठेवलंय, आता वाच.

सकाळी मोटारीला येते तवा धार अंगठ्याएवढी असते, ताजी. माणसं न्याहारी करस्तोवर बारीक होती, काडीएवढी. दुपारी पुन्हा हळूहळू भरती. दिवस कलला की परत बारीक. म्हंजे बघ, झऱ्याला पण माणसासारखं हाय. सकाळी उमेद, मंग थकवा, दुपारची वामकुक्षी.

अन् धुळवडीच्या दिवशी तर रुसलाच. सकाळी दहालाच टिपूस टिपूस. मी म्हटलं संपलं सगळं. अप्पांनी घाईनं पुन्हा कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी आपोआप आला. त्याच्या आधी एकदा उलटं झालं. वस्तीत एक म्हातारा वारला, सगळे लोक दिवसभर तिकडंच, तवा धार सकाळपासून जी मोठी ती मोठीच. अप्पा म्हणाले पुण्यवान जीव होता.

विहीर लांब न्हाय. टेकाड चढलं की लगेच. आमच्या खड्ड्याच्या काठावर उभं राहिलं तर बायकांची बोलणी कानावर येतात, शब्द कळत न्हायत.

आता एक वाईट वाटलेलं लिहिते. तुझ्याशिवाय कुणाला लिहू? कडूबाई आली होती, तीन आठवडे झाले. बसली न्हाय. दोन घागरी घेऊन आली होती. म्हणाली केशरे, झऱ्याचं दोन घागरी दे, खड्ड्यातलं नको, वरच्या वर धारेचं. म्या म्हटलं न्हाय. मालकाचा हुकूम हाय, एकीला दिलं की सारी वस्ती येती, पोरं घसरतात, मागं एक म्हैस बुडाली होती. अन् ते पाणी सुरुंगाच्या भेगेतलं, पोटात काय जाईल कुणाला ठावं. हे सगळं खरं हाय. पण खरं सांगू? मला माझी नोकरी पण दिसत होती. ती म्हणाली, "तुझ्या आईला आम्ही वरून पाणी वाढायचो. आता तू वाढणारी झालीस, चांगलं झालं." अन् गेली. घागरी रिकाम्या वाजत गेल्या.

मला राग आला न्हाय. म्हंजे आला. तिच्याकडं त्यांची विहीर हाय की. मला कशाला टोमणा? तवापासून ती इकडं फिरकली न्हाय. बाजूच्या पायवाटेनं कुठंतरी लांब जाते, डोक्यावर घागर असते. मी हाक मारली तर वळली न्हाय. रुसायला तिला कुणी सांगावं लागत न्हाय, तरणी असल्यापासून रुसते.

मजूर दमलेले असतात, जेवतात अन् झोपतात. त्यामुळं बोलायला धारच.

तुझी आजी


अमरावती
१२ एप्रिल २०२४

प्रिय आजी,

हे पत्र मी दोन वेळा लिहून फाडलं. तिसरं पाठवते.

आजी, तो झरा नाही. तुझी सगळी नोंद मी कागदावर मांडली. धार कधी बारीक होते बघ. सकाळी न्याहारीच्या वेळी आणि दिवस कलल्यावर. वस्तीतल्या बायका त्याच वेळी पाणी भरतात. धुळवडीला सगळ्यांनी रंग धुवायला पाणी काढलं, तर धार थांबली. म्हातारा वारला त्या दिवशी कुणी विहिरीवर गेलं नाही, तर धार दिवसभर मोठी. ते विहिरीचंच पाणी आहे. सुरुंगानं कातळ फुटला आणि विहिरीतून खड्ड्यापर्यंत वाट झाली. तू रोज सकाळी मोटार लावून त्यांची विहीर उपसतेस. कडूबाई रुसलेल्या नाहीत. त्या लांब जातात, कारण त्यांच्या विहिरीत पुरेसं पाणी उरलेलं नसणार.

मी बघायला तिथे नाही, चुकतही असेन. पण तू टेकाड चढून एकदा विहिरीत वाकून बघ.

हे लिहायला मला इतके दिवस लागले, कारण मला माहीत आहे, धार गेली की फवारा जाईल आणि फवारा गेला की तुझी नोकरी आणि खोली. आजोबांचंही माहीत आहे.

दीक्षा


खदान
२१ एप्रिल २०२४

दीक्षा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

आज जास्त लिहीत न्हाय. भाकरी व्हायच्या हायत.

केशरबाई


अमरावती
२९ एप्रिल २०२४

आजी,

चार ओळींचं पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस. माझं चुकलं असेल. अमरावतीत बसून खदानीचा कातळ कुणाला कळतो? तू ते सोडून दे. पावसाळा दीड महिन्यावर आहे, विहिरी आपोआप भरतील. तू काही करू नकोस, कुणाला काही बोलू नकोस. मालकानं खोली काढून घेतली तर तू कुठे जाशील, याच्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही.

मला लांबलचक पत्र लिही. काहीही लिही. मजूर काय जेवले ते लिही.

दीक्षा


खदान
१० मे २०२४

माझ्या बाळा, जयभीम.

तुझं पत्र यायच्या आधीच म्या करून बसले होते, त्यामुळं तुझं ऐकता आलं न्हाय.

आधी मला तुझा राग आला होता. कुणाचा येणार, तूच एक हायस. आठ दिवस मी धारेकडं गेलेच न्हाय. मंग एक दिवस टेकाड चढले. गुडघे बोलत होते. विहिरीवर कुणी नव्हतं. वाकून बघितलं. दीक्षे, तळाला चिखल अन् त्यात एक वाटी पडलेली. बायका खाली उतरून वाटीनं खरवडून घागर भरत असणार. त्या वाटीकडं बघून मला कळलं. मी तिथंच काठावर बसले. कडूबाईचंच पाणी, अन् तिला दोन घागरी न्हाय म्हणणारी मी.

खाली आले. सुतारकामाची एक लाकडी पाचर होती, तिला माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या. भेगेत ठोकली. दगड फोडणाऱ्या बाईला पाचर ठोकायला शिकवावं लागत न्हाय. वरून चिकणमाती लिपली, तिच्यावर सिमेट. धार आधी बाजूनं फुटली, मंग हात धरून बसले तशी थांबली. इतक्या दिवसांचा आवाज एकदम बंद. मला वाटलं मीच बहिरी झाले.

तीन दिवस कुणाला बोलले न्हाय. चौथ्या दिवशी टेकाड चढले तर विहिरीत पाणी. तीन पायऱ्या वर. काळंशार, स्वच्छ. मला रडू आलं अन् हसू पण आलं, तू खरी निघालीस म्हणून. एवढी शिकलेली माझी नात.

इकडं खड्डा आटला. फवारा बंद. अप्पांनी क्रशर तसाच कोरडा चालू केला. पांढरा धुरळा उठला, माणसं दिसेनात, खोकला तेवढा ऐकू येत होता. मी गेले अन् पट्ट्याचं बटण बंद केलं. अप्पा म्हणाले केशरबाई हे काय? म्या सगळं सांगितलं. ते खाली बसले. मंग म्हणाले, म्हंजे म्या दुसऱ्याच्या विहिरीवर नारळ फोडला. त्यांना तेवढंच लागलं होतं.

मालक जीपनं आले. पाचर काढ म्हणाले. म्या म्हटलं न्हाय. म्हणाले, "बाई, तुला खोली दिली, काम दिलं, ते या पाण्यावरच ना?"

"व्हय," म्या म्हटलं. "पण पाणी तुमचं नव्हतं. अन् कोरडं चालवायचं असंल तर आधी मला पट्ट्यावर घाला. घरात एक माणूस भुकटीनं गेलाय, दुसरं जाऊ दे."

अप्पा मधे पडले. मालकाला म्हणाले, वस्तीला कळलं तर ते फाटकाला आडवे होतील, तहसीलला जातील, त्यापेक्षा पावसापर्यंत बंद ठेवू, वरच्या अंगाला पुन्हा सुरुंग नको. मालकानं लई विचार केला. शेवटी बंद केलं. जाताना मला म्हणाले, वस्तीत बोललीस तर खोली सोडायची.

दोन दिवसांत सगळी माणसं गेली. कुणी माकणीला, कुणी कर्नाटकात. पगार बुडाला त्यांचा. काही जण जाताना माझ्याशी बोलले न्हायत. एकीनं रांजणावर पाणी पिलं, पेला उलटा ठेवला अन् गेली. त्यांचं पण खरंच हाय.

आता इथं मी एकटी. मालकानं खोली अजून काढली न्हाय. दुपारी एवढं शांत असतं की मी मोठ्यानं वाचते, तुझी जुनी पत्रं.

तुझी आजी


अमरावती
१८ मे २०२४

आजी,

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत, बाटल्यांच्या मागे उभी राहून वाचलं. किती अभिमान वाटला ते मला लिहिता येत नाही.

मीही एक खरं सांगते. इथे मैत्रिणी नाहीत. एकत्र जेवण नाही. तुझं पत्र खोलीत कुणी वाचलं नव्हतं, मी एकटीच राहते. संध्याकाळी डबा आणते आणि खिडकीशी बसून जेवते. चिंच मात्र खरी आहे.

तू इकडे ये. खोली लहान आहे, पण दोघींना पुरेल. त्या रिकाम्या खदानीत आता तुझं काय आहे?

दीक्षा


खदान
२ जून २०२४

माझ्या लेकरा, जयभीम.

मैत्रिणींचं मला पहिल्या पत्रातच कळलं होतं. दोन माणसं एकत्र जेवली तर तिसऱ्याचं नाव पत्रात येतं. तुझ्या पत्रात एकीचं पण नाव नव्हतं. पण तू लपवलंस, म्हणून मी पण गप बसले.

मी येणार हाय. पण आत्ता न्हाय. का ते वाच.

तू विचारलंस इथं माझं काय हाय. पाचर हाय. सिमेटाला तडा जातो, रोज हात लावून बघावा लागतो, ओल दिसली की लिपावी लागते. मालकाचा एक माणूस येऊन बघून गेला, मी तिथून हलले न्हाय. नोकरी तीच हाय बघ, पाण्याची राखण. फक्त पाणी आता तिकडं वर हाय अन् मी इकडं खाली. पाऊस चांगला लागून विहीर तुडुंब होईस्तोवर बसायचं हाय.

अन् अजून एक झालं.

कडूबाई आली. स्वतःहून. हातात नारळाचा तुकडा, तोंडभर हसू. म्हणाली विहिरीला पाणी आलं, सगळ्या वस्तीनं नारळ फोडला, तुला आणला. एका पाण्यावर दोन नारळ फुटले, ते तिला ठाव न्हाय. मी तुकडा तोंडात घातला. गोड होता. ती सांगत होती, कुणी म्हणतं देवीनं दिलं, कुणी म्हणतं पुण्याईचं हाय. मी ऐकत होते. खोली डोळ्यांपुढं आली, माझी पेटी, माझी चूल. गप बसले असते तर सगळं गोड झालं असतं. तिच्या मनात मी चांगली, मालकाच्या मनात पण चांगली.

पण ती इतकी हसत होती की मला बघवेना. म्या सांगितलं. धार, मोटार, सुरुंग, पाचर, सगळं. तीन महिने तुझं पाणी मी दगडावर मारलं कडू, अन् तुला दोन घागरी दिल्या न्हाय.

तिनं माझ्याकडं बघितलं. उठली. पदर झटकला अन् निघून गेली.

आठ दिवस कुणी आलं न्हाय. मालकाचा निरोप पण न्हाय, वस्तीतून पण कुणी न्हाय. म्हंजे तिनं कुणाला सांगितलं नसंल, का सांगितलं असंल अन् सगळ्यांनी मिळून मला टाकलं असंल, मला काय कळावं? विहिरीवरची बोलणी कानावर यायची. माझं नाव येतंय का म्हणून काठावर उभी राहायचे. मोठ्या माणसाला असं करू नये.

काल दुपारी आली. माझ्या शेजारी, कातळाकडं तोंड करून बसली. पाचरीला बोट लावून बघितलं. बोट कोरडं होतं. मंग म्हणाली, "उद्या गोधड्या धुवायच्यात. सून माहेरी गेलीया. एकटीला पिळवत न्हाय."

म्या म्हटलं, "माझे गुडघे दुखतात."

"गोधडी गुडघ्यानं पिळतात व्हय?" ती म्हणाली, अन् गेली.

तर दीक्षे, ट्रक आता येत न्हाय. हे पत्र टाकायला मलाच येडशीला चालत जावं लागंल, अन् ते उद्याच्याला जमणार न्हाय. आधी गोधड्या हायत. पत्राला उशीर झाला तर रागावू नको.

तुझी आजी
केशरबाई